जॉन वुडन यांना पहिलं विजेतेपद मिळायला सोळा हंगाम का लागले?

प्रश्न असा आहे: लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांनी शेवटच्या १२ हंगामांत १० एनसीएए (अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटना) विजेतेपदं मिळवली. मात्र त्याच विद्यापीठात त्याआधीचे १५ हंगाम त्यांच्या हाती एकही विजेतेपद लागलं नव्हतं. मधे नेमकं काय बदललं? की फक्त उंच खेळाडू मिळाले?

उंच खेळाडू नंतर आले. पहिलं विजेतेपद १९६४चं, आणि त्या संघाच्या सुरुवातीच्या पाच जणांत ६ फूट ५ इंचांच्या वर कोणीही नव्हतं. त्यामुळे 'नंतर आलेला उंच सेंटर लू अल्सिंडर मिळाला म्हणून जिंकले' हे उत्तर तिथेच बाद होतं. वुडन यांची शिकवण्याची पद्धत १९४८ सालीच जवळजवळ तयार होती. १९६० ते १९६४ या काळात तीन गोष्टी बदलल्या: सरावाचा वेळ कोणाला किती द्यायचा, मैदानाबाहेरची कामं कोणी करायची आणि सामन्याचा वेग कोणी ठरवायचा. तिसऱ्या बदलाची कल्पना एका साहाय्यकाची होती, आणि पन्नाशी ओलांडलेल्या वुडन यांनी ती स्वीकारली. माझ्या मते या कारकिर्दीतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

आधी थोडी पार्श्वभूमी. वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१०चा, इंडियाना राज्यातल्या हॉल या खेड्यातला. मार्टिन्सव्हिलच्या शाळेकडून खेळताना १९२७ मध्ये राज्य विजेतेपद, पुढे पर्ड्यू विद्यापीठात वॉर्ड 'पिगी' लँबर्ट यांच्या हाताखाली तीन वेळा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत. लँबर्ट यांच्याकडून त्यांनी तीन गोष्टी घेतल्या आणि त्या आयुष्यभर सोडल्या नाहीत: दमसास, मूलभूत कौशल्यं आणि सांघिक खेळ. फास्ट ब्रेक, म्हणजे चेंडू मिळताच वेगानं केलेलं आक्रमण, तेही तिथलंच. १९३२ मध्ये इंग्रजी विषयात पदवी घेऊन केंटकीतल्या डेटन हायस्कूलमध्ये ते शिक्षक आणि प्रशिक्षक झाले. पहिल्याच हंगामात ६ विजय, ११ पराभव. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला त्यांच्या कारकिर्दीतला तो एकमेव हंगाम. पुढे साउथ बेंड सेंट्रल हायस्कूल, युद्धकाळात नौदल, मग १९४६ ते १९४८ टेरे हॉटचं इंडियाना स्टेट.

इंडियाना स्टेटमधला एक निर्णय सांगायलाच हवा. १९४७ मध्ये संघाला एनएआयबी या छोट्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण आलं, पण तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. संघात क्लॅरेन्स वॉकर होता. वुडन यांनी निमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली, संघ वॉकरसह गेला आणि अंतिम सामन्यात लुइव्हिलकडून हरला. पुढे यूसीएलएला देशाच्या दुसऱ्या टोकाहून कृष्णवर्णीय गुणी खेळाडू येत राहिले, त्यामागे विद्यापीठाची परंपरा होती तशीच प्रशिक्षकाची ही भूमिकाही होती. दक्षिणेतली बहुतेक मोठी विद्यापीठं तेव्हा या मुलांना दारातही उभी करत नव्हती.

१९४८ मध्ये वुडन यूसीएलएत आले ते थोड्या नाइलाजानंच. त्यांचा ओढा मिनेसोटाकडे होता, पण तिकडचा फोन हिमवादळामुळे वेळेवर आला नाही आणि तोवर त्यांनी लॉस एंजेलिसला शब्द दिला होता. पगार वर्षाला ६,००० डॉलर. घर चालवायला पहिली काही वर्षं ते सकाळी एका डेअरीत काम करून मग विद्यापीठात येत. सराव मेन्स जिम नावाच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर चाले. त्याच दालनात एका बाजूला जिम्नॅस्टिक्स, दुसऱ्या बाजूला कुस्ती. हवा खेळती नाही, घामाचा वास इतका की विद्यार्थ्यांनी त्यावरूनच इमारतीला टोपणनाव दिलेलं. सरावाआधी वुडन स्वतः व्यवस्थापक विद्यार्थ्यांबरोबर फरशी झाडून पुसून घेत. १९५५ मध्ये अग्निशमन विभागानं प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घातली, तेव्हापासून मोठे सामने शहरातल्या इतर सभागृहांत आणि कधी कधी दुसऱ्या गावी, म्हणजे घरचे सामनेही परक्या मैदानावर. स्वतःचं पॉली पॅव्हेलियन मिळालं १९६५ मध्ये.

तरीही निकाल वाईट नव्हते. आदल्या वर्षी १२-१३ (१२ विजय, १३ पराभव) असा हंगाम गेलेल्या संघानं वुडन यांच्या पहिल्या वर्षी २२-७ अशी मजल मारली. १९५०, १९५२ आणि १९५६ मध्ये एनसीएए स्पर्धेत प्रवेशही मिळाला, पण गाडी पुढे सरकली नाही. १९५६ मध्ये समोर बिल रसेल या दिग्गज सेंटरचा सॅन फ्रान्सिस्को संघ होता. चांगला प्रशिक्षक, दरवर्षी बरा संघ, मार्चमधल्या एनसीएए स्पर्धेतून लवकर घरी: १९५०च्या दशकातलं चित्र हे असं.

आता पद्धतीकडे येऊ, कारण शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या संघाला शिकवणाऱ्यांना उचलता येण्यासारखा भाग इथेच सर्वांत जास्त आहे.

सराव दुपारी साधारण दोन तास. सुरू व्हायची वेळ ठरलेली आणि संपायची वेळही तितकीच पक्की. दुसरी अट बहुतेक प्रशिक्षक पाळत नाहीत. सराव लांबणार हे खेळाडूला माहीत असलं की तो पहिल्या अर्ध्या तासात हात राखून खेळतो. वुडन आणि त्यांचे साहाय्यक रोज सकाळी त्या दिवसाच्या सरावाची आखणी करत आणि त्यालाही सरावाइतकाच वेळ देत. आखणी ३ इंच बाय ५ इंचांच्या कार्डांवर उतरे: कितीपासून कितीपर्यंत कोणतं ड्रिल, कुठल्या बास्केटवर, कोण कोणाबरोबर, किती चेंडू लागतील. एक ड्रिल ५ ते १५ मिनिटं, त्याहून लांब सहसा नाही. नीट जमलं नाही तरी वेळ संपली की पुढचं ड्रिल, राहिलेलं उद्या. सराव झाल्यावर नोंदी वहीत जात आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला गेल्या वर्षी काय केलं होतं ते काढून पाहिलं जाई. हा वहीचा भाग महत्त्वाचा आहे. त्यातूनच पुढचा मोठा शोध लागला, त्याकडे येतोच.

क्रमाचे काही नियम होते. नवीन गोष्ट नेहमी सरावाच्या पहिल्या भागात, डोकं ताजं असताना. दमवणाऱ्या ड्रिलनंतर हलकं ड्रिल. दमसासासाठी वेगळं पळणं जवळजवळ नाही. तो ड्रिलच्या वेगातूनच यायचा. फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचा) सरावही एका ठिकाणी शंभर असा नसे. मुलं धापा टाकत असताना मधूनच बाजूला जाऊन फ्री थ्रो मारायचे आणि लागोपाठ दोन आत गेल्याशिवाय परत यायचं नाही. सामन्यात फ्री थ्रो दमलेल्या अवस्थेतच मारावे लागतात, म्हणून सरावातही ते तसेच. शेवट मात्र मुलांना आवडेल अशा एखाद्या गोष्टीनं, म्हणजे दुसऱ्या दिवशी यावंसं वाटतं.

शिकवताना संपूर्ण चाल आधी दाखवायची, मग तिचे तुकडे करायचे, तुकडे घोटून घ्यायचे आणि परत जोडायचे. चूक झाली की शिट्टी, बरोबर कसं ते करून दाखवणं, मुलानं काय केलं तेही करून दाखवणं, पुन्हा बरोबर कसं ते, आणि खेळ सुरू. हे सगळं काही सेकंदांत. रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलँड थार्प या मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५च्या हंगामात १५ सराव बसून पाहिले आणि वुडन यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृती नोंदवल्या. त्यांतल्या निम्म्या साध्या सूचना होत्या: काय करायचं, कसं करायचं. निव्वळ शाबासकी सुमारे ७ टक्के, निव्वळ रागावणं त्याच्या आसपासच. खेळाडूला सुधारायला माहिती लागते. नुसतं 'छान' म्हटल्यानं किंवा नुसतं ओरडल्यानं तिच्यात काही भर पडत नाही.

पायमोज्यांचा धडा सर्वांना माहीत असतो, पण त्यामागचं कारण कमी जणांना. हंगामाच्या पहिल्या दिवशी वुडन मोजे कसे घालायचे ते दाखवत. टाचेजवळ आणि करंगळीजवळ चुणी राहता कामा नये, हात फिरवून ती काढायची आणि मोजा वर ओढून धरून बूट चढवायचा. नाडी प्रत्येक भोकातून घट्ट ओढत वर आणायची, शेवटी दुहेरी गाठ. चुणीनं फोड येतो, फोड आला की मुलगा पाय चुकवत पळतो, दोन-तीन सराव बुडतात आणि त्याच्या जागी खेळणाऱ्याचीही घडी बिघडते. बूटही तपासून घ्यायचे, कारण मुलं सवयीनं एक माप मोठं घेतात. पाय आत सरकला की पुन्हा फोड. कडक फरशीवर रोज दोन तास थांबणं, वळणं, पळणं करणाऱ्या कुठल्याही संघाला हे आजही लागू आहे.

नियम मोजके होते. उशीर नाही, शिवीगाळ नाही, सहकाऱ्यावर टीका नाही. टीका करायचीच असेल तर ती प्रशिक्षक करेल. बास्केट झाली की करणाऱ्यानं पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं किंवा मान हलवायची. ही शिष्टाचाराची गोष्ट वाटते, पण तिचा परिणाम पासवर होतो: दखल घेतली जाते असं कळलं की मुलं चेंडू लवकर सोडतात.

हे सगळं असूनही १९५९-६०चा हंगाम १४-१२ असा संपला. १९६२ मध्ये संघ पहिल्यांदा शेवटच्या चारांत गेला आणि उपांत्य सामन्यात सिनसिनाटीकडून ७०-७२ असा, अवघ्या दोन गुणांनी हरला. १९६३ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेटनं ९३-७९ असं धुऊन काढलं. या काळात वुडन यांनी जुन्या वह्या काढून स्वतःच्याच कामाची तपासणी केली आणि त्यांना दोन चुका दिसल्या. पहिली, हंगामाच्या शेवटीही ते सुरुवातीइतकाच कडक सराव घेत होते, त्यामुळे मुलं मार्चमध्ये थकलेली असत. दुसरी, सराव सामन्यांत ते १२ जणांना जवळजवळ सारखा वेळ देत होते. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण सामन्यात ज्या सात-आठ जणांनी खेळायचं, त्यांना एकमेकांबरोबर पुरेसा वेळच मिळत नव्हता. पास कुठे येणार, कोण कधी वळणार, हे अंगात भिनायला एकत्र मिनिटं लागतात. मग त्यांनी पद्धत बदलली: पाच मुख्य, त्यांच्या मागे दोन-तीन, आणि त्यांचाच बराचसा सराव एकत्र. उरलेल्यांचं काम त्या सात जणांना तयार करण्याचं आहे हे त्यांना स्पष्ट सांगायचं. हे सांगणं अवघड असतं आणि बहुतेक प्रशिक्षक ते टाळतात. मग राखीव मुलं नाराजही राहतात आणि मुख्य संघही घडत नाही.

दुसरा बदल कार्यालयातला. १९६३ मध्ये जे. डी. मॉर्गन क्रीडा संचालक झाले. तोवर खर्चाचे हिशेब, प्रवास, सामन्यांच्या तारखा यांत वुडन यांचा बराच वेळ जाई. मॉर्गन यांनी ते काम स्वतःकडे घेतलं. निकालपत्रात हे दिसत नाही, पण रोज सकाळच्या आखणीला मोकळं डोकं लागतं आणि ते इथून मिळालं.

तिसरा बदल म्हणजे प्रेस, म्हणजे चेंडू नेणाऱ्या संघावर पूर्ण मैदानभर दबाव टाकणं. एकेकानं एकेक प्रतिस्पर्धी धरून असा दबाव टाकणं वुडन यांना नवं नव्हतं; शाळेपासून ते करत होते. साहाय्यक जेरी नॉर्मन यांनी १९६३-६४ साठी २-२-१ रचनेच्या झोन प्रेसचा आग्रह धरला; यात प्रत्येकजण माणूस नव्हे, मैदानाचा ठरलेला भाग सांभाळतो. त्यामागचं गणित समजून घ्यायला तेव्हाचे नियम आठवायला हवेत. महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक (ठरावीक वेळेत शॉट मारायला लावणारं घड्याळ) नव्हतं, ते १९८५-८६ मध्ये आलं. म्हणजे उंच आणि संथ संघ चेंडू हवा तितका वेळ धरून ठेवू शकत असे. बुटक्या, चपळ संघाला हे घातक. मात्र चेंडू १० सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावा लागे. नॉर्मन यांनी याच नियमाचा वापर घड्याळासारखा करून घेतला.

मैदान ९४ फूट लांब, ५० फूट रुंद. आपली बास्केट झाली की लगेच रचना लागते. पुढे दोन जण, प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या फ्री थ्रो रेषेच्या आसपास, त्यांच्या मागे मध्यरेषेअलीकडे दोन, शेवटी एकटा. १९६४च्या संघात पुढे गेल गुडरिच आणि फ्रेड स्लॉटर, मधे वॉल्ट हॅझर्ड आणि जॅक हर्श, मागे कीथ एरिक्सन. स्लॉटर संघाचा सेंटर, म्हणजे एरवी बास्केटजवळ खेळणारा मोठा खेळाडू, तरीही पुढच्या फळीत. तो रुंद आणि वेगवान होता, त्याच्या हातांवरून पास काढताना चेंडू उंच जायचा. पण सेंटर पुढे गेला की मागे बास्केटजवळ कोणी मोठा माणूस उरत नाही. म्हणून शेवटच्या जागेवर एरिक्सनसारखा उडी आणि अंदाज दोन्ही असलेला खेळाडू हवाच. त्याच वर्षी तो अमेरिकेच्या ऑलिंपिक व्हॉलीबॉल संघातही होता, यावरून कल्पना यावी.

काम कसं चालतं? पहिला इनबाउंड पास (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं) होऊ द्यायचा, फक्त तो पुढच्या फळीच्या समोर आणि कोपऱ्याकडे. चेंडू घेणाऱ्याला मधल्या पट्ट्यात येऊ द्यायचं नाही, बाजूच्या रेषेकडे ढकलत न्यायचं. तो मध्यरेषेजवळ पोचायच्या आत त्या बाजूचा मधल्या फळीतला खेळाडू पुढे येतो आणि दोघं मिळून त्याला कोंडतात; बाजूची रेषा तिसऱ्या बचावपटूचं काम करते. दुसऱ्या बाजूचा पुढचा खेळाडू मधला पास तोडायला सरकतो, मधल्या फळीतला उरलेला कोंडीमागची जागा भरतो, एरिक्सन लांबच्या पासची वाट पाहतो. कोंडलेल्याकडे दोनच सोपे पास उरतात, डोक्यावरून उंच किंवा टप्प्याचा. दोन्ही हवेत जास्त वेळ राहतात. तेवढ्या वेळात मागचा माणूस पोचतो.

हातातून चेंडू हिसकावायचा नाही, ही सूचना सर्वांत महत्त्वाची. हात घातला की फाउल, आणि फाउल म्हणजे घड्याळ थांबलं, समोरच्याला श्वास मिळाला. हात वर, पाय चालू, बस.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. मागचा माणूस अधीर होऊन लवकर पुढे येतो आणि त्याच्या डोक्यावरून पास जाऊन सोपी बास्केट होते. कोंडी घालणाऱ्या दोघांच्या मधे फट राहते आणि ड्रिबल करणारा त्यातून निसटतो. तसं झालं की पाचही जणांनी चेंडूच्या मागे धावत परतायचं, मधेच उभं राहून पाहायचं नाही. तिसरी चूक प्रशिक्षकाची: पहिल्या पाच मिनिटांत दोन सोप्या बास्केट बसल्या की तो प्रेस मागे घेतो. प्रेसचं मोजमाप किती चेंडू चोरले यावर करायचं नसतं. ४० मिनिटांच्या सामन्यात समोरच्याला त्याच्या वेगापेक्षा जास्त वेगानं खेळायला लावायचं, एवढाच हेतू. मग कधीतरी दोन-तीन मिनिटांचा एक पट्टा येतो ज्यात समोरचा संघ मोडतो. तो तिसाव्या मिनिटालाही येऊ शकतो. आणि हे सगळं आपली बास्केट झाल्यावरच नीट लागतं, कारण रचना लावायला तेवढाच वेळ मिळतो. आपली नेमबाजी कच्ची असेल तर प्रेसचा फायदा अर्धाच. म्हणून वुडन यांच्या सरावाचा मोठा भाग आक्रमणाचाच राहिला: गार्ड (चेंडू पुढे नेणारा) विंगला, म्हणजे बाजूच्या खेळाडूला, पास देतो, हाय पोस्टवर (फ्री थ्रो रेषेजवळ) उभ्या खेळाडूचा आडोसा घेत थेट बास्केटकडे कापत जातो. या चालीला आजही 'यूसीएलए कट' म्हणतात.

१९६४चा अंतिम सामना कॅन्सस सिटीत ड्यूकविरुद्ध झाला. ड्यूककडे ६ फूट १० इंचांचे दोन खेळाडू होते. पहिल्या अर्ध्यात ड्यूक ३०-२७ असा पुढे असताना प्रेसनं पकड घेतली आणि सुमारे अडीच मिनिटांत यूसीएलएनं सलग १६ गुण केले, ४३-३०. शेवटी ९८-८३. हंगाम ३०-०. बाकावरून आलेल्या केनी वॉशिंग्टननं २६ गुण केले, डग मॅकिंटॉशनं स्लॉटरची जागा भरून काढली. पाच अधिक दोन, हे गणित तिथे जुळलं. पुढच्या वर्षी पोर्टलंडमध्ये मिशिगनला ९१-८० असं हरवताना गुडरिचनं एकट्यानं ४२ गुण केले.

मग आला लू अल्सिंडर, पुढचा करीम अब्दुल-जब्बार. तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. नोव्हेंबर १९६५ मध्ये नव्या पॉली पॅव्हेलियनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांच्या संघानं मुख्य संघाला, म्हणजे गतविजेत्यांना, ७५-६० असं हरवलं. मुख्य संघाचा तो हंगाम दुखापती आणि आजारपणांत १८-८ असा गेला. इथेही वुडन बदलले. आयुष्यभर हाय पोस्ट शिकवलेला माणूस अल्सिंडरसाठी लो पोस्टच्या (बास्केटजवळच्या) १-३-१ रचनेवर आला, आणि अल्सिंडर पदवी घेऊन गेल्यावर सिडनी विक्स आणि कर्टिस रो यांच्यासाठी पुन्हा हाय पोस्टवर गेला. हातात जी माणसं आहेत त्यांच्यावरून चाल ठरवायची, मूलभूत कौशल्यं मात्र तीच.

२० जानेवारी १९६८ला ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ५२,६९३ प्रेक्षकांसमोर यूसीएलए ह्यूस्टन विद्यापीठाकडून ६९-७१ असा हरला. अल्सिंडरच्या डोळ्याला आठवड्यापूर्वीच जखम झाली होती, त्याचे १८ पैकी ४ शॉट आत गेले; ह्यूस्टनच्या एल्विन हेजनं ३९ गुण केले. मार्चमधल्या उपांत्य सामन्यात हाच संघ पुन्हा समोर आला. वुडन सहसा प्रतिस्पर्ध्यासाठी वेगळी योजना करत नसत. आपला संघ तयार असला की पुरे, असं त्यांचं मत. नॉर्मन यांनी या वेळी डायमंड-अँड-वन सुचवलं: चार जण डायमंडच्या आकारात झोन धरणार, पाचवा लिन शॅकलफर्ड फक्त हेजच्या मागे. वुडन तयार झाले. हेजला १० गुणांवर रोखलं, निकाल १०१-६९. साहाय्यकाचं ऐकण्याची ही दुसरी मोठी वेळ, आणि तीही स्वतःच्या रूढ मताविरुद्ध.

१९६७ ते १९७३ सलग सात विजेतेपदं. १९७० मध्ये जॅक्सनव्हिलच्या ७ फूट २ इंची आर्टिस गिलमोरला रोखताना विक्स सुरुवातीला त्याच्या पुढे उभा राहत होता. ते जमेना म्हणून सामना चालू असतानाच त्याला मागे उभं केलं, आणि ६ फूट ८ इंचांच्या विक्सनं गिलमोरचे शॉट अडवायला सुरुवात केली. १९७३ मध्ये मेम्फिस स्टेटविरुद्ध सेंटर बिल वॉल्टननं २२ पैकी २१ शॉट आत टाकले, ४४ गुण.

परिस्थितीनंही साथ दिली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या काळी स्पर्धेत संघ थोडे, चारच विजय पुरत, आणि विभाग भौगोलिक असल्यानं पश्चिमेतले संघच आधी भेटत. याला दुसरी बाजूही आहे: १९७४पर्यंत एका परिषदेतून (विद्यापीठांच्या प्रादेशिक गटातून) एकच संघ जाई. १९७१ मध्ये शेजारचा यूएससी २४-२ असा खेळला, दोन्ही पराभव यूसीएलएकडून, आणि घरीच बसला. म्हणजे परिषदेत एकदा घसरलं की हंगाम संपला. सॅम गिल्बर्ट नावाच्या धनाढ्य समर्थकाचा प्रश्नही आहे. त्यांचे खेळाडूंशी असलेले आर्थिक लागेबांधे पुढे उघड झाले. वुडन निवृत्त झाल्यावर, १९८१ मध्ये, एनसीएएनं विद्यापीठावर कारवाई केली आणि त्यांच्याशी संबंध तोडायला लावलं. ती कारवाई वुडन यांच्या हंगामांसाठी नव्हती, पण ते संबंध त्यांच्या काळापासूनचे होते. त्यांनी अधिक लक्ष घालायला हवं होतं असं मला वाटतं.

खेळातल्याही चुका आहेत. अ‍ॅस्ट्रोडोमच्या सामन्यात एडगर लेसीला बाकावर बसवून ठेवलं, आणि त्यानं नंतर संघ सोडला. १९ जानेवारी १९७४ला नोत्र दामविरुद्ध ११ गुणांची आघाडी शेवटच्या साडेतीन मिनिटांत गेली, ७०-७१, आणि ८८ सामन्यांची विजयी मालिका तुटली. टाइमआउट मागणं म्हणजे दमल्याची कबुली, आपल्या दमसासामुळे तो आधी समोरच्यानं मागावा, हे वुडन यांचं धोरण. शंभरातल्या नव्वद वेळा ते बरोबर ठरलं. त्या दिवशी ती पडझड वेळीच थांबवायला हवी होती. दोन महिन्यांनी उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध दुसऱ्या जादा वेळेत सात गुणांनी पुढे असूनही संघ ७७-८० असा हरला. वरिष्ठ खेळाडूंनी भरलेला संघ आघाडी मिळाली की सैल पडतो, आणि त्यावर त्या वर्षी उपाय सापडला नाही.

१९७५चा संघ गुणवत्तेत त्याच्याहून उणा होता. वॉल्टन आणि विल्क्स हे प्रमुख खेळाडू गेले होते. सॅन डिएगोतल्या उपांत्य सामन्यात समोर लुइव्हिल, आणि त्यांचा प्रशिक्षक डेनी क्रम हा वुडन यांचाच जुना खेळाडू आणि साहाय्यक. जादा वेळेत यूसीएलए ७५-७४ असा जिंकला. सामना संपल्यावर वुडन यांनी मुलांना सांगितलं की पुढचा सामना आपला शेवटचा. दोन दिवसांनी केंटकीला ९२-८५ असं हरवून दहावं विजेतेपद मिळालं. यूसीएलएतली नोंद ६२० विजय, १४७ पराभव. त्या शेवटच्या रात्रीचे ९२ गुण सहाच जणांनी केले होते: रिचर्ड वॉशिंग्टन २८, डेव्ह मायर्स २४, पीट ट्रगोविच १६, राल्फ ड्रॉलिंगर १०, आंद्रे मॅकार्टर ८, मार्केस जॉन्सन ६.